स्टाऊट ओतणारे म्हादबा

म्हादबा पाणीसुद्धा सावकाश ओतायचे. दवाखान्याच्या पायरीवर कुणी उन्हातून येऊन बसला आणि म्हादबांनी तांब्या उचलला, की त्या माणसाला आणखी थोडा वेळ तहान काढावी लागे. तांब्या तिरका व्हायचा, धार भांड्याच्या कडेला लागायची आणि आवाज न करता खाली उतरायची. एकदा एका गाडीवानाने वैतागून विचारलं, "आबा, हिरीवर गेलाय का काय पानी आनायला?" म्हादबांनी मान वर केली नाही. "पानी हाय म्हनून आपटायचं व्हय त्याला?" एवढंच म्हणाले आणि भांडं पुढे केलं.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. घर बारामतीला, नोकरी इथे. कारखाना खासगी होता, आणि त्यातली इंजिनं नि पाकाच्या टाक्या सांभाळायला विलायतेहून आलेले काही साहेब होते. त्यांच्यासाठी कौलारू छपराचा एक क्लब बांधला होता. दवाखाना आणि क्लब यांच्यामध्ये फक्त मेंदीचं कुंपण. म्हादबा त्या क्लबाचे बटलर. साहेबांना हे नाव उच्चारता येत नसे. ते "माडबा" म्हणत. वसाहतीतले बाकीचे सगळे त्यांना आबा म्हणत, आणि मीही.

मूळचे निरवांगीचे. उंच, पण खांद्यात थोडे वाकलेले. पितळी बटणांचा पांढरा कोट, डोक्याला घट्ट बांधलेला फेटा, आणि कोटाच्या बंद गळ्याआड तुळशीची माळ. मांसमच्छी खात नसत, विडी ओढत नसत. साहेबांच्या ताटात काय काय पडतं ते ते उघड्या डोळ्यांनी बघत आणि घरी जाऊन आंघोळ करून भाकरी खात. बायको कधीच गेली होती. एकुलती एक मुलगी, हौसा, अंथुर्ण्याला दिलेली. सोयरीक जमली तेव्हा मुलाकडच्यांना क्लबातली नोकरी पसंत नव्हती. माळ बघून ते तयार झाले होते.

असा माणूस दारू वाढण्याच्या कामावर, आणि त्यातही एकाच पेयासाठी पंचक्रोशीतल्या साहेबांत त्यांचं नाव झालेलं. पाटबंधाऱ्याचे गोरे इंजिनिअर बारामतीहून मुद्दाम वाकडी वाट करून यायचे ते म्हादबांच्या हातची स्टाऊट प्यायला.

स्टाऊट म्हणजे काळी बिअर. भाजलेल्या जवाची करतात, म्हणून रंग काळा आणि चव कडवट. जहाजातून, रेल्वेतून, मग बारामतीच्या स्टेशनावरून बैलगाडीतून हिंदकळत ती आमच्याकडे पोचायची. बाटलीच्या तळाशी गाळ असायचा, तो प्रवासात सगळा ढवळून निघालेला असे. म्हादबा पेटी उघडली की बाटल्या उभ्या करून ठेवत आणि कितीतरी दिवस कुणाला हात लावू देत नसत. "आत्ताच आलीया. निजू द्या तिला," म्हणत. उन्हाळ्यात व्हरांड्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात ओल्या वाळूत बाटल्या रोवलेल्या असत, वरून भिजलं गोणपाट. पुण्याहून भुशात बांधून बर्फ येई, तो ते बाकीच्या पेयांना वापरत. काळीला बर्फ नाही. गार केली की ती मुकी होते, असं त्यांचं म्हणणं.

ग्लास तर ते स्वतःच धूत. सोड्याच्या कढत पाण्यात, मग साध्या पाण्यात, आणि फळीवर पालथे. आतून कधी पुसत नसत. धुतलेल्या ग्लासात पाण्याचा हबका मारून उजेडात धरत. पाणी सलग ओघळलं तर ठीक, थेंब थेंब चिकटून राहिले तर ग्लासाला कुठेतरी तुपाचा अंश आहे म्हणून परत सोड्यात. तुपकट ग्लासात फेस धरत नाही. आचाऱ्याने एकदा मदत म्हणून ग्लास उचलले तर म्हादबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग ओतणं. ग्लास तिरका धरून बाटलीचं तोंड त्याच्या काठाला टेकवायचं, आणि काळी धार काचेवरून घसरू द्यायची. ग्लास पाऊण भरला की खाली ठेवून द्यायचा. आता आत तपकिरी ढग उठलेला असे. म्हादबा पाठीमागे हात बांधून उभे राहत आणि कान किंचित ग्लासाकडे कलत असे. फेसाची बारीक चरचर थांबली, की उरलेली धार सरळ मधोमध, वरून, बारीक. फेस काठाच्या वर टोपीसारखा उभा राहायचा आणि सांडायचा नाही. बाटलीत बोटभर गाळ ठेवून ते ती बाजूला करत.

"तुम्ही कधी चाखली नाही, मग बरोबर झाली ते कळतं कसं?" मी विचारलं होतं.

"कानानं," म्हणाले. "आमचा बा गुऱ्हाळावर गुळव्या व्हता. काहील उतरायची येळ तो बी ऐकूनच सांगायचा."

ही विद्या मात्र बापाची नव्हती. मोठ्या लढाईत पलटणीबरोबर मेसचा नोकर म्हणून ते बसऱ्याला गेले होते. तिथे तांबड्या मिशांचा एक सार्जंट होता. त्याने छडीने बोटांवर मारून मारून त्यांना ओतायला शिकवलं. "लई मारायचा," म्हादबा सांगत. "आन् पुढल्या उन्हाळ्यात ऊन लागून मेला. मरताना पानी मागत व्हता. मी ओतत व्हतो सावकाश. ग्लास भरायच्या आत गेला."

हे सांगून त्यांनी धुतलेला ग्लास उजेडात धरला.

त्यांचा स्वभाव कुणाची चूक काढण्याचा नव्हता. एका रविवारी मोठ्या साहेबाने पाहुण्यांसमोर हौसेने स्वतःच बाटली घेतली, उपडी करून गाळासकट सगळी ग्लासात ओतली, आणि ते गढूळ पिऊन मिशा पुसत वा वा केली. म्हादबा टॉवेल घेऊन मागे उभे होते. मी नंतर कुंपणाशी त्यांना हसून विचारलं. ते हसले नाहीत. "ज्याची त्यानं प्याली. त्याला ग्वाड लागली, झालं," म्हणाले.

या मोठ्या साहेबाची मडम एका पावसाळ्यात बाळंत झाली आणि मूल मेलेलं निघालं. त्यानंतर ती उठेचना. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून समोरच्या उसाकडे बघत राहायची. चेहरा कागदासारखा झाला होता. त्या काळी अशक्त बायकांना स्टाऊट देण्याची पद्धत साहेब लोकांत होती, आमच्या डॉक्टरांनीही तीच सांगितली. रोज दुपारी एक ग्लास. पण बंगल्यावरचा नोकर बाटली फोडून भसाभसा ओतायचा, फेस टेबलावर वाहायचा, आणि मडम दोन घोट घेऊन बाकीचं तसंच ठेवायची. महिना असाच गेला. मग डॉक्टरांनी साहेबाला सुचवलं, म्हादबांना पाठवा.

मी औषध द्यायला बंगल्यावर जायचो, त्यामुळे हे मी पाहिलं. म्हादबा मडमच्या समोरच ग्लास पाऊण भरून तिपाईवर ठेवायचे आणि मग थांबायचे. मडमला दुसरं काही बघायला नव्हतं. ती त्या ग्लासाकडे बघायची. ढग खाली उतरून काळं वेगळं आणि फेस वेगळा होईपर्यंत दोघं काही बोलायचे नाहीत. मग म्हादबा वरची धार सोडायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. पहिल्या आठवड्यात ती अर्धा ग्लास घेऊ लागली, मग पुरा. दिवाळीच्या सुमारास ती बागेत फिरताना दिसली.

डॉक्टर म्हणाले, हवा बदलली, बाई तरुण आहे, सावरली. मलाही तसंच वाटतं. पण म्हादबांच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. "पयल्या म्हैन्यात बी हीच बाटली व्हती की," ते मला म्हणाले. "आपटून ओतली की तिच्यातला जीव जातो, कंपौंडर. मग निस्तं कडू पानी ऱ्हातं."

मी त्यांना समजावलं नाही. इतकी वर्षं ते जे करत होते त्याचा कुणालातरी उपयोग झाला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला हौसा बाळंत झाली. मुलगी झाली, पण हौसाचं फार रक्त गेलं. म्हादबांच्या घरी बाईमाणूस नाही म्हणून बाळंतपण सासरीच केलं होतं. म्हादबा डॉक्टरांना टांग्यात घालून अंथुर्ण्याला घेऊन गेले, मीही बरोबर होतो. अंधाऱ्या खोलीत बाजेवर ती पडलेली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, तळहात पाहिले. सगळं पांढरं. लोहाचं औषध मी देऊन आलो, पण ते तिच्या पोटात ठरेना. दिवसभर उलट्या.

परतताना टांग्यात म्हादबांनी विचारलं, "डाक्टर, मडमची काळी दिली तर?"

डॉक्टर थकलेले होते. त्यांनी जरा विचार केला. "द्या. अन्न जात नाही तर तेवढंच पोटात जाईल," म्हणाले. आता वाटतं, त्यांच्याजवळ दुसरं काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं.

मडमला हे कळलं तेव्हा तिने क्लबातून बाटल्या द्यायला लावल्या आणि आपल्या कपाटातला एक ग्लासही म्हादबांच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून दुपारचं जेवण वाढून झालं की म्हादबा अंथुर्ण्याची वाट धरू लागले. पाटाच्या कडेने जाणारी ती वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मध्ये बाभळीची तुटक सावली. एकदा मी सायकलवरून येताना ते समोरून आले. एका गाडग्यात ओली वाळू, वाळूत बाटली सरळ रोवलेली, आणि ते गाडगं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मागून एक रिकामी बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "बसा की आबा." म्हादबा चालता चालताच म्हणाले, "नगं. हिसका बसतुया." गाडी धुरळा उडवत पुढे गेली. ते नजर वाटेवर ठेवून, पाय जपून टाकत चालत राहिले. भरल्या घरातून झोपलेलं मूल उचलून नेतात तसे.

इतकं जपूनही बाटली हलायचीच. म्हणून आज नेलेली ते रांजणाखालच्या गारव्यात उभी करून ठेवत आणि कालची उघडत.

घरात हे सगळं चाललं ते हौसाच्या सासूच्या, पारूबाईंच्या परवानगीने. कडक बाई. सारवलेल्या अंगणात कोंबडी चालली तरी जाब विचारणारी. पण सून त्यांची आवडती होती. "औषद म्हनून घरात येऊ दे. पर येशीतनं येताना झाकून आना, पावनं," त्यांनी म्हादबांना सांगितलं होतं.

हौसाने मात्र पहिल्या दिवशी ग्लास हातात घेतला नाही. शेजारच्या बायकांनी तिच्या डोक्यात भरवलं होतं की आई दारू प्यायली तर ती दुधातून लेकराच्या अंगात उतरते. तिने बापाकडे पाहिलं.

"आबा, ही दारू हाय."

"औषद हाय, बाळ."

"मग तुमी घ्या आदी."

हौसा अंथरुणावर उठून बसली. "पाप असलं तर दोगांचं असू द्या. मी एकटी न्हाय घ्यायची."

म्हादबांनी गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि भिंतीतल्या खुंटीला अडकवली. मग एक घोट घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेली ती चीज त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा चाखली.

"कशी हाय?" हौसाने विचारलं.

"करपलेल्या काकवीवानी," म्हादबा म्हणाले, आणि त्यांचं तोंड इतकं वाकडं झालं की त्या अशक्तपणातही हौसा हसायला लागली. हसता हसता तिने ग्लास घेतला.

हे मला हौसानेच पुढे सांगितलं. सांगतानाही तिला हसू येत होतं. रोज पहिला घोट बापाचा, मग तिचा, असा त्यांचा नेम झाला. ती रोजचं थोडं थोडं पिऊ लागली. दोन घास भाकरीचा काला खाऊ लागली. म्हादबा दवाखान्याच्या खिडकीशी येऊन सांगायचे, "आज भिताडाला टेकून बसली व्हती." त्यांच्या गळ्यात माळ नव्हती हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी विचारलं नाही. घोट घेणाऱ्या तोंडाने माळ पुन्हा गळ्यात घालायची नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

त्या दिवसांत गावोगाव दारूबंदीचं वारं होतं. अंथुर्ण्यातही टोप्या घातलेली मंडळी ताडीच्या दुकानासमोर बसत. हौसाचा थोरला दीर त्यांच्यातला पुढारी. सकाळी दुकानासमोर हात जोडून माणसं परतवून तो एका दुपारी अचानक घरी आला, आणि त्याला दिसलं ते असं : भावजयीच्या बाजेशी तिचा बाप ग्लास तोंडाला लावून उभा आहे, खोलीत वास आहे, आणि माळ खुंटीवर.

त्याने ग्लास हिसकावला नाही. तो बाहेर अंगणात गेला आणि मोठ्याने ओरडला. शेजारपाजारचे जमले. म्हादबांना बाहेर बोलावलं.

"औषद म्हनून सांगितलंत. लेकीच्या नावावर बाटल्या आनता आन् सोता ढोसता?"

म्हादबा उभे राहिले.

"माळकऱ्याचं घर म्हनून पोरगी केली आमी. बोला की!"

जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, तोंडाचा वास घ्या. म्हादबांनी तोंड फिरवलं नाही. हौसाचा नवरा किसन शेतावर होता. पारूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पावनं, खरं सांगा. तुमी पिलात?"

"व्हय," म्हादबा म्हणाले.

"कशापायी?"

आतून हौसा काहीतरी बोलत होती, पण तिचा आवाज त्या गलक्यात दारापर्यंतही येत नव्हता. म्हादबांनी तिचं नाव काढलं असतं तर तिला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, की हिने देवमाणूस बापाला दारू पाजली. त्यांनी फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. दिराने सांगितलं, पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. ते आत जाऊन रांजणाखालची उभी बाटली उचलून घेऊन आले, रिकाम्या गाडग्यात ठेवली आणि निघाले. लोकांना वाटलं, बघा, जातानाही बाटली सोडवत नाही. माझ्या मते ती बाटली तिथे राहिली असती तर हौसावर आणखी बोल आला असता, म्हणून त्यांनी ती उचलली.

आठवड्याने मी डॉक्टरांबरोबर अंथुर्ण्याला गेलो. हौसा पुन्हा आडवी झाली होती, पायावर सूज. डॉक्टर बाहेर हात धुवायला गेले तेव्हा तिने मला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि पारूबाईंच्या समोरच म्हणाली, "आत्ती, मीच पाजली आबांना. त्यांचा काय बी दोस न्हाय."

पारूबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ त्या पोरीच्या कपाळावरचे केस सारखे करत राहिल्या. "आदी का न्हाय बोललीस?"

"बोलले की. कुनी आयकलं?"

"आता म्हनून काय उपेग," पारूबाई म्हणाल्या. "थोरला गावापुढं बोलून बसलाय."

मी परत येऊन हे म्हादबांना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते ग्लास धूत होते. हात तसेच पाण्यात ठेवून ते उभे राहिले.

"कशाला म्हनली ती?" ते म्हणाले. "आता तिला बोलत्याल."

तिला बोलायला कुणाला वेळ मिळाला नाही. पुढच्या पंधरवड्यात हौसा गेली. डॉक्टरांनी मला नंतर स्पष्ट सांगितलं की पोरीच्या अंगात रक्तच राहिलं नव्हतं, आणि एखाद्या ग्लासाने ते येणार नव्हतं. मीही धंद्यातला माणूस, मला ते पटलं. म्हादबांना मी ते दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि दोन्ही वेळा मला कळलं की त्यांनी ऐकलेलं नाही. त्यांच्या लेखी मडम उठली होती आणि हौसा उठत होती. भिंतीला टेकून बसली होती.

मातीला ते गेले. कुणी अडवलं नाही, कुणी जवळही बोलावलं नाही. किसनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भावाकडे पाहून मान खाली घातली. म्हादबा बाभळीपाशी उभे राहिले आणि सगळे परतल्यावर मागून परतले.

सुतक फिटल्यावर ते पुन्हा पांढरा कोट घालून कामावर आले. त्या दिवशी क्लबात साहेब लोक जेवायला जमले होते. एका साहेबाच्या कुत्र्याचं औषध घेऊन मी तिथे गेलो होतो आणि दाराशी उभा होतो. म्हादबा ओतत होते. हात तोच, धार तीच. मोठ्या साहेबाच्या शेजारी मडम बसली होती. चेहरा भरलेला, गालावर रंग. तिने मान वळवून मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, लडकी अब अच्छा है?

म्हादबांनी ग्लास खाली ठेवला. "जी, मडम. अच्छा है," म्हणाले.

मडम हसली. तिने नवऱ्याला इंग्रजीत काही सांगितलं, तोही हसला आणि त्याने म्हादबांच्या दंडावर थोपटलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "आबा, खोटं कशाला सांगितलं?"

"तिचं लेकरू गेलं हाय," ते म्हणाले. "आन् बाटल्या तिनंच दिल्या व्हत्या. मग तिला वाटलं असतं, आपलीच चीज लागू पडली न्हाय." ते मेंदीच्या कुंपणाची दोन पानं तोडून चुरत उभे राहिले आणि मग आत गेले.

बदल नंतर दिसू लागला. पाऊण ग्लास भरून ते मागे हात बांधून उभे राहायचे, कान कललेला, आणि तसेच राहायचे. फेसाची चरचर थांबून जायची, फेस खाली बसायचा, त्याला खळगे पडायचे, तरी वरची धार यायची नाही. साहेब लोक आधी हसले. "माडबा स्लीपिंग," म्हणाले. मग वैतागले. एकदा मोठ्या साहेबाने टेबलावर बोटं वाजवली तेव्हा म्हादबा दचकले आणि बाटली हातातून सुटली. काळं पाणी पांढऱ्या चादरीवर पसरलं. ते बसून दोन्ही तळव्यांनी ते थांबवायला लागले, चादरीच्या कडेवरून खाली गळू नये म्हणून. कुणी उठवलं तेव्हा उठले.

त्यांना वाढण्यावरून काढून ग्लास धुवायला बसवलं. पुण्याहून एक तरुण, चटपटीत बटलर आणला. थोड्या दिवसांनी विजेवर चालणारं गार कपाट आलं. काळीच्या बाटल्या त्यात आडव्या रचल्या जाऊ लागल्या आणि बर्फासारख्या थंड बाहेर येऊ लागल्या. नवा पोरगा एका दमात ग्लास भरायचा. साहेब तेही आनंदाने पीत. म्हादबा मोरीशी बसून हबका मारून ग्लास उजेडात धरत राहिले. एका सकाळी ते कामावर आले नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं, आणि कोट झटकून, घडी करून बाजेवर ठेवलेला. निरवांगीला भावाच्या शेतावर गेले, असं शेजाऱ्याने सांगितलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. काही वर्षं गेली होती. पटकीची साथ आली म्हणून आम्ही गावोगाव सुया टोचत फिरत होतो. अंथुर्ण्याच्या चावडीपुढे रांग लागली होती. बायका पोरांना पाठीशी घालून उभ्या, पोरांची आधीच रडारड. मी सुई उकळत असताना सहज वर पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली म्हादबा उभे होते. कोट नव्हता, फेटा नव्हता. मुंडासं, अंगावर घोंगडी, हातात काठी. खांदे आणखी वाकले होते. ते गावात शिरलेले नव्हते, कडेला होते. त्या गावात उभं राहण्याइतकीच जागा त्यांनी स्वतःला दिली होती.

रांगेत पारूबाई होत्या. केस पांढरे झालेले. त्यांचं बोट धरून एक मुलगी उभी होती, परकर-पोलक्यातली, हौसाच्या कपाळाची. पारूबाईंनी मला ओळखलं, आणि मग मी कुठे बघतोय ते पाहायला मान वळवली. त्यांना म्हादबा दिसले.

रांग पुढे सरकत होती. मागची बाई त्यांना ढकलत होती. पारूबाई रांगेतून बाहेर आल्या, चावडीच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसल्या आणि मुलीला त्यांनी पुढ्यात उभं केलं. मुलगी आता लिंबाच्या समोरासमोर होती.

"काय गं आजे?" मुलीने विचारलं.

"हुबी ऱ्हा गप. येनी इसकाटलीया," पारूबाई म्हणाल्या.

वेणी चांगली घट्ट घातलेली होती. पारूबाईंनी ती सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.